पेत्राचे ताट आणि लक्ष्मीबाईंचा वेगळा स्वयंपाक

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये साक्ष देण्याची, म्हणजे ख्रिस्ताने आपले जीवन कसे बदलले हे सर्वांसमोर सांगण्याची, जी रीत रूढ झाली आहे, तिच्याविषयी बरेच दिवस मनात असलेले आज लिहितो आहे. साक्षीत बहुधा आधीचे जीवन येते आणि बाप्तिस्म्यानंतरचे जीवन येते. ज्या मधल्या वर्षांत माणूस मनापासून विश्वास ठेवतो, प्रार्थना करतो आणि तरीही त्याचा जुना राग किंवा जुना अभिमान सुटत नाही, ती वर्षे मात्र कोणी सांगत नाही. मग नुकताच बाप्तिस्मा घेतलेला एखादा तरुण काही महिन्यांनी स्वतःकडे पाहतो, अजून आपण तेच आहोत हे त्याला दिसते, आणि आपला विश्वासच खोटा होता की काय या शंकेने तो उपासनेला येईनासा होतो. हे मला फार दुःखाचे वाटते, कारण पवित्र शास्त्र ही मधली वर्षे मुळीच लपवत नाही.

येशूचा शिष्य पेत्र याचेच पाहा. तो प्रभूबरोबर राहिला होता, पुनरुत्थित ख्रिस्ताला त्याने पाहिले होते, पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, तो पवित्र आत्म्याने भरून बोलला होता. तरीही यापो नगरात शिमोन चांभाराच्या घराच्या धाब्यावर त्याला दृष्टान्त झाला, यहूदी नियमाने अशुद्ध मानलेले प्राणीही त्यात दिसले आणि ‘मारून खा’ अशी वाणी आली, तेव्हा त्याचे पहिले उत्तर नकाराचेच होते. अशुद्ध असे काही मी कधीच खाल्लेले नाही, असे तो म्हणाला. तीनदा सांगावे लागले. त्यानंतर तो कैसरियात कर्नेल्य या परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, शताधिपतीच्या घरी गेला आणि देव पक्षपाती नाही, असे स्वतःच्या तोंडाने बोलला. येथे गोष्ट संपली असती, तर ती आपल्या साक्षींसारखीच झाली असती. पण प्रेषित पौलाने लिहिलेल्या गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हाच पेत्र अंत्युखिया नगरात परराष्ट्रीय बांधवांच्या पंक्तीला बसतो आणि यरुशलेमेतील मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडील यहूदी माणसे येताच, लोक काय म्हणतील या भयाने, ताटावरून उठून वेगळा होतो. त्याच्यामागे पौलाचा सहकारी बर्णबादेखील वाहवत जातो.

पंगत, ताट आणि विटाळ हे शब्द आपल्याला परके नाहीत. कवी नारायण वामन टिळकांना 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. काही वर्षे ताटातुटीत गेली. पुढे त्या टिळकांकडे राहायला आल्या, तेव्हाही त्यांचे सोवळे कायम होते. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला आणि आता कोणाच्याही हातचे खायचे असे त्यांनी ठरवले, ते त्यानंतर. ख्रिस्तावरचा विश्वास त्याहीनंतर पक्का झाला आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातला हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचतो. टिळक स्वभावाने शीघ्रकोपी आणि उतावळे होते, असे लक्ष्मीबाईच सांगतात. तरी अशा माणसाने एका घरात दोन चुली चालू दिल्या, यात मला त्यांच्या कवितेइतकेच देवाचे काम दिसते. बदल दोघांतही होत होता, एकट्या लक्ष्मीबाईंत नव्हे. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रावरचे काव्य त्यांच्या पश्चात पूर्णत्वास नेले, तेही याच लक्ष्मीबाईंनी.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू सांगतो की माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसे रुजते व वाढते हे त्याला कळतही नाही. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. आपण मात्र नव्या विश्वासणाऱ्याकडून पेरणीच्या आठवड्यातच दाण्यांचा हिशेब मागतो.

धीर धरणे म्हणजे चुकीकडे काणाडोळा करणे, असे मी म्हणत नाही. पौलाने पेत्राला अंत्युखियात सर्वांसमक्ष तोंडावर दोष दिला, आणि तो द्यायलाच हवा होता, कारण त्या पंक्तीत अपमान दुसऱ्यांचा होत होता. जो विश्वासणारा घरात हात उगारतो किंवा मंडळीत अजूनही जात पाहतो, त्याच्या बाबतीत ‘देव त्याला घडवतो आहे’ असे म्हणून गप्प बसणे हा अन्याय आहे आणि त्याची किंमत दुसरेच कोणी मोजत असते. पण पौलाने पेत्राला दोष दिला, त्याचे प्रेषितपण नाकारले नाही. तुमच्यात चांगले काम आरंभणारा ते सिद्धीस नेईल, असा भरवसा याच पौलाने पुढे बंदिवासातून फिलिप्पैकरांना लिहिला. आणि आपण स्वतः अजून पूर्ण झालेलो नाही, हेही त्याच पत्रात कबूल केले.

म्हणून पाळकांना आणि वडीलजनांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या साक्षीच्या सभेत अशा एखाद्या बहिणीला किंवा भावालाही उभे करा, ज्यांची लढाई अजून चालू आहे. त्यांना शेवट गोड करायला सांगू नका. ते बोलून खाली बसले, की मंडळीने त्यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करावी आणि पुढच्या रविवारी त्यांची विचारपूस करावी.