गाणं थांबतं कुठं, ते आधी सांगा

रॉकचं परफेक्ट गाणं कोणतं, यावर माणसं भांडायला लागली की दहा मिनिटांत गाडी गिटार सोलोवर, म्हणजे गिटार एकटीच पुढं येऊन वाजते त्या तुकड्यावर, येते. कुणाची बोटं किती पळतात, कुणाचा आवाज किती वर जातो, कुणाच्या ड्रमरला चार हात आहेत. मला यातलं फारसं काही पटत नाही. वेगानं वाजवणारे आज ढीगभर आहेत. यूट्यूबवर शाळकरी पोरंपोरी असं वाजवतात की आपण तोंडात बोट घालावं. घालतो, 'अरे बापरे' म्हणतो आणि पुढं सरकतो. परत लावत नाही.

जे गाणं वर्षानुवर्षं परत परत लावलं जातं त्यात माझ्या मते एकच गोष्ट असते. ते आपल्याला ताटकळत ठेवतं. जवळ असलेलं सगळं लगेच ओतत नाही, आणि देतं तेव्हा नेमक्या क्षणी देतं. एवढंच म्हणायचं होतं, पण सोलापूरची असल्यामुळं पाल्हाळ लावणार. वेळ असेल तर वाचा.

आमच्या घरी रॉक आलं ते दादामुळं. तो पुण्याला इंजिनिअरिंगला होता. हॉस्टेलवरच्या पोरांकडून कॅसेट भरून आणायचा. साठ मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. अशाच एका कॅसेटच्या पहिल्या बाजूला शेवटचं गाणं होतं लेड झेपेलिन या बँडचं 'स्टेअरवे टू हेवन'. १९७१ चं गाणं, आठ मिनिटांचं. ते बाजूत मावलंच नव्हतं. चार-सव्वाचार मिनिटं नुसती गिटार, बासरीसारखे रेकॉर्डर आणि गायकाचा जपून लावलेला आवाज. मग कुठं ड्रम येतात, गाणं जरा कंबर सरळ करतं, आणि खट्! टेपरेकॉर्डरचं बटण वर. पट्टी संपली.

"दादा, हे अर्धंच आहे."

"अगं, खरं गाणं तर त्याच्या पुढंच आहे."

"मग अर्धं भरलंस कशाला?"

"जागा तेवढीच उरली होती ना. नसल्यापेक्षा बरं."

त्यामुळं माझ्या लेखी ते अनेक वर्षं 'एक गोड, जरा लांबट गाणं' होतं. पुढं सीडीवर पूर्ण ऐकलं तेव्हा कळलं की आपण जेवणाचं ताट बघून पाटावरून उठत होतो. सहाव्या मिनिटाच्या आसपास गिटारचा सोलो सुरू होतो, तोपर्यंत गाण्याची लय हळूहळू, कळू न देता वाढलेली असते. त्यांचा गिटारवाला जिमी पेज आधी स्टुडिओत दुसऱ्यांच्या गाण्यांवर पैसे घेऊन वाजवायचा. तिथला पहिला नियम, लय पळू द्यायची नाही. इथं त्यानं ती मुद्दाम पळू दिली.

आता रीलवर त्या गाण्याचा नुसता सोलो कापून लावतात. ऐकून बघा. चांगला वाटतो, बस्स, चांगला. माझ्याकडं फक्त पहिला भाग होता, रीलवाल्यांकडं फक्त शेवटचा आहे. गाणं दोघांकडंही नाही. सोलोला वजन आलंय ते आधीच्या सहा मिनिटांच्या उपासामुळं.

यावर कॅनडात अभ्यास झालाय. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना त्यांच्याच आवडीचं, अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवलं आणि मेंदूत काय होतं ते तपासलं. २०११ साली ते छापून आलं. डोपामाइन, म्हणजे आनंदाशी जोडलेलं रसायन, त्या काटा येणाऱ्या क्षणी तर सुटतंच, पण त्याच्या आधी, 'आता येणार, आता येणार' अशा वेळीही मेंदूच्या दुसऱ्या भागात सुटतं. म्हणजे वाट बघण्याचं सुख वेगळं आणि मिळण्याचं वेगळं. दोन्हींचा हिशेब मेंदू निरनिराळा ठेवतो.

आमच्या शेजारी राहणाऱ्या तबलजी काकांना हे यंत्राशिवाय माहीत होतं. भजनात ठेका धरायचे, क्वचित कुणा गवयाला साथ करायचे. ते म्हणायचे, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सगळ्यांची मान एकदम हलते कारण सगळे सोळा मात्रा मनातल्या मनात मोजत आलेले असतात, न मोजणाऱ्याला सम कळतच नाही. दादानं एकदा त्यांना हट्टानं एसी/डीसी या बँडचं 'बॅक इन ब्लॅक' ऐकवलं. १९८० चं. आधी नुसती हाय-हॅटची, म्हणजे ड्रमवाल्याच्या जोडझांजांची, टिकटिक आणि तारा दाबून धरलेल्या गिटारची खरखर, मग गिटारचे ते तीन घाव, आणि मग गप्प. परत थोडं काहीतरी, परत गप्प.

काकांनी आधी तोंड वाकडं केलं. "काय गं हे, भांडी पडल्यागत."

मग हात वर करून म्हणाले, "थांब थांब. परत लाव बघू." दुसऱ्यांदा ऐकताना त्यांचं बोट मांडीवर पडत होतं, गिटार वाजत नव्हती तिथंसुद्धा. "गप बसलाय ना त्यो, ते बी लयीत बसलाय," म्हणाले.

रॉकवर मी त्यानंतर बरंच काही वाचलं, पण इतकं नेमकं कुणी लिहिलेलं सापडलं नाही. त्या गाण्यात अँगस यंगचा सोलो आहे, शाळेच्या गणवेशात उड्या मारणारा तोच. झकास आहे. पण गाणं उभं आहे ते त्याच्या थोरल्या भावावर, माल्कमवर. आयुष्यभर मागं उभं राहून रिदम गिटार, म्हणजे गाण्याचा ठेका धरणारी गिटार, वाजवली त्यानं. कुठं हात उचलायचा हे त्याच्याइतकं फार थोड्यांना कळलं. पोस्टर मात्र अँगसचीच लागतात, ते असो.

सोलापुरात वाढलेल्या माणसाला हे पटायला अवघड जाऊ नये. दाजी पेठेत माझी एक मैत्रीण राहायची. घराच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे माग. पहिल्यांदा गेलात तर त्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येणार नाही. तासाभरानं मात्र माग वाजतायत हेच विसरायला होतं. मग लाईट जायची. धोटा जिथल्या तिथं थांबायचा आणि एका क्षणात अख्खी गल्ली गप्प. सगळे मान वर करून एकमेकांकडं बघायचे, जणू काहीतरी मोठ्यानं वाजलंय. लाईट आली की आधी कुठंतरी एक माग, मग दुसरा, मग पाचदहा, आणि पुन्हा सगळी गल्ली भरून जायची. तिला मागांचा आवाज आवडतो असं मैत्रीण फक्त त्याच क्षणी म्हणायची. 'बॅक इन ब्लॅक'मधल्या त्या मोकळ्या जागा मला अशाच ऐकू येतात.

आता शब्दांकडं येते, कारण आपल्याकडं हा मुद्दा निघतोच. मराठी माणूस भावगीतांवर पोसलेला. शब्द कळल्याशिवाय गाणं कसलं, असं आमच्या घरातही म्हणायचे. पण खरं सांगू, सोलापुरात हा मुद्दा टिकत नाही. इथं एका गल्लीत तेलुगू, पलीकडं कन्नड, चौकात दखनी आणि घरात मराठी. न कळणारी गाणी ऐकतच आपण मोठे होतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या जत्रेच्या, दिवसांत कन्नडमधली भजनं कानावर पडतात. सिद्धरामेश्वर स्वतः बाराव्या शतकातले कन्नड वचनकार. मला कन्नड येत नाही, पण कुठल्या ओळीला आवाज वर चढणार आणि कुठं सगळे मिळून उचलणार हे पाठ आहे. इंग्रजी गाण्यांचंही तसंच झालं. अर्थ नंतर कळला. काहींचा कळल्यावर जरा निराशाच झाली.

रोलिंग स्टोन्सचं १९६९ चं 'गिमी शेल्टर' घ्या. त्यात बँडचा गायक मिक जॅगर याच्याबरोबर एक बाई गाते, मेरी क्लेटन. लॉस एंजेलिसमध्ये रात्री उशिरा तिला फोन गेला. ती गरोदर होती, झोपायच्या तयारीत, केसांना कर्लर लावलेले. तशीच स्टुडिओत आली आणि गायली. तिच्या ओळी ती पुन्हा पुन्हा म्हणते आणि दर वेळी जास्त जोर लावते. कान टवकारून ऐकणाऱ्याला कळतं की हा आवाज आता फार काळ धरणार नाही. आणि तो चिरतो. वरच्या टोकाला, स्पष्ट. मागून कुणीतरी आनंदानं ओरडल्याचंही ऐकू येतं, तो जॅगर. तो चिरलेला आवाज त्यांनी तसाच ठेवला. शब्द कळण्याच्या कितीतरी आधी मला ती जागा माहीत होती, आणि आजही तिथं यायच्या आधी मी हातातलं काम थांबवते. एकदा तर कुकरची शिट्टी आडवी आली तेव्हा गाणं मागं घेतलं.

पण यावरून कुणी 'बघा, एका दमात, मनापासून गायलं की झालं' असा निष्कर्ष काढू नये. मनापासून वगैरे ठीक आहे. पिंक फ्लॉइडच्या १९७९ च्या 'कम्फर्टेबली नम'मधला शेवटचा सोलो ऐकताना वाटतं, त्यांचा गिटारवाला डेव्हिड गिल्मोरनं डोळे मिटले आणि आतून आलं ते वाजवलं. तसं नाहीये. त्यानं तो पाच-सहा वेळा वेगवेगळा वाजवला, मग प्रत्येकातल्या चांगल्या जागांवर खुणा करत बसला आणि त्या जोडून एक सोलो बेतला. शिवणकाम आहे ते. टाका दिसत नाही, एवढंच. त्याच गाण्यात त्याचा आधीचाही एक सोलो आहे, आटोपशीर. लोकांना आठवतो तो दुसरा, कारण पहिल्यानं भूक लावून ठेवलेली असते.

वेगाच्या भक्तांसाठी आणखी एक. ब्लॅक सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतरा वर्षांचा असताना, तिथल्या शेवटच्या दिवशी, यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो. प्लास्टिकची बाटली वितळवून त्यानं बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढं तारा सैल करून सूरच खाली उतरवला. सोलापुरात यंत्रानं बोट नेलेली माणसं बघायला लांब जावं लागत नाही, त्यामुळं ही गोष्ट मला कधी दंतकथेसारखी वाटली नाही. त्या बँडचं त्यांच्याच नावाचं १९७० चं गाणं तीन सुरांवर उभं आहे. इतक्या संथ चालीनं की पुढचा सूर येईपर्यंत आपण घाबरून घेतो. अख्खं हेवी मेटल, म्हणजे रॉकचा तो जड, दणदणीत प्रकार, ज्याला आपला बाप मानतं त्यानं सुरुवात अशी केली, आणि त्याची नातवंडं आता सेकंदाला किती सूर मोजतात त्यावर भांडतायत.

माझी खरी तक्रार इथून सुरू होते. थांबायला गाण्यात हळू आणि मोठा असे दोन आवाज तर पाहिजेत! सीडीच्या काळापासून गाणी जास्तीत जास्त मोठ्यानं ऐकू यावीत म्हणून दाबून सपाट करायची चढाओढ लागली. हळू भाग वर ओढायचा, मोठा भाग छाटायचा. २००८ साली मेटालिका या बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम आला तेव्हा त्यांच्याच चाहत्यांनी बोंब मारली. तीच गाणी 'गिटार हिरो' नावाच्या व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेली होती, आणि लोक म्हणायला लागले, गेममधली जास्त चांगली वाजतायत. लहान मुलांच्या खेळातलं गाणं मूळ अल्बमपेक्षा मोकळा श्वास घेत होतं, काय म्हणायचं याला?

आता त्यावर स्पॉटिफायचा हिशेब. तीस सेकंद ऐकलं की गाणं 'वाजलं' म्हणून मोजलं जातं. मग कोण कशाला चार मिनिटं ड्रम रोखून धरेल? पहिल्या दहा सेकंदांत सगळा माल दुकानाबाहेर मांडायचा. यात नव्या पोरांना दोष द्यायचा नाही मला. त्यांना हिशेब तसा घालून दिलाय.

आणि आपल्या मिरवणुकांतल्या डीजेबद्दल न बोललेलं बरं, पण बोलते. खिडक्यांच्या काचा थरथरतात, छातीत धडधडतं, आणि तरी दहा मिनिटांनी कंटाळा येतो. मोठ्या आवाजाला माझी हरकत नाही, मी एसी/डीसी ऐकणारी बाई आहे. पण ज्यात कधी खाली उतरायचंच नाही त्यात वर चढल्याचं कळणार कसं? त्याच मिरवणुकीत कधी हलगीवाले असतील तर बघा. घुमवत घुमवत नेतात, मध्येच एक झटका देऊन तोडतात, आणि बाजूला भेळ खात उभी असलेली बायामाणसंसुद्धा खांदे हलवायला लागतात.

मागच्या रविवारी दादाशी यावरूनच वाजलं. तो म्हणाला, तुझं सगळं ठीक, पण रामोन्सचं 'ब्लिट्झक्रीग बॉप' कुठं बसवतेस? १९७६ चं, जेमतेम सव्वादोन मिनिटांचं, सोलो नाही, ताटकळणं नाही, सुरू झालं की संपलं. आणि तरी परफेक्ट. परफेक्ट आहे, मान्य. म्हणून रात्री परत लावून ऐकलं. सुरुवातीला सगळे मिळून वाजवतात, आणि मग ती सगळ्यांना पाठ असलेली आरोळी येते तेव्हा गिटार गप्प होते. नुसते ड्रम आणि आरोळी. गिटार परत येईपर्यंत काही सेकंदच जातात, पण तेवढ्यात पाय आपोआप हलायला लागलेला असतो. दादाला तसं कळवलं. त्याचं उत्तर आलं, तू आता कशातही हेच शोधशील.

शोधीन की. पुढच्या रविवारी मटण त्याच्याकडं आहे. ज्यात कुणीच कुणासाठी थांबत नाही असं एक गाणं त्यानं काढून ठेवावं. तुमच्याकडं असलं तर खाली टाका, मीच घेऊन जाते.