सर्व हक्क सुरक्षित

आळसाचे फायदे सांगणारा एक लेख मी एकदा बऱ्याच कष्टाने लिहिला होता. तो भलत्याच संकेतस्थळावर भलत्याच नावाने झळकताना दिसला, तेव्हा आधी संताप आला आणि मग, खोटे कशाला बोला, थोडे बरेही वाटले. माझा लेख चोरण्याच्या लायकीचा आहे असे आजवर कोणाला वाटले नव्हते. चोर मोठा टापटिपीचा होता. त्याने माझ्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या होत्या आणि लेखाखाली ‘सर्व हक्क सुरक्षित, परवानगीविना वापर केल्यास कायदेशीर कारवाई होईल’ अशी तंबीही दिली होती.

त्याच्याकडे दाद मागण्यात अर्थ नव्हता, म्हणून थेट घरमालकाकडे, म्हणजे ज्या कंपनीच्या सर्व्हरवर हे संकेतस्थळ नांदत होते त्या होस्टकडे जायचे ठरवले. पण घरमालक सापडेना. डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाच्या, नोंदीत मालकाच्या नावाच्या जागी नाव झाकून ठेवणाऱ्या एका सेवेचे नाव होते. डोमेन विकणाऱ्या कंपनीने ‘आम्ही फक्त नाव विकतो, मजकूर आमच्याकडे नसतो’ असे कळवले. आयपी पत्त्यावरून, म्हणजे संकेतस्थळाच्या इंटरनेटवरील आकडी पत्त्यावरून, हाती लागलेली कंपनी म्हणाली की आम्ही नुसते मधले, मजकूर दुसऱ्याच्या सर्व्हरवर असतो. तिने खऱ्या होस्टचे नाव तेवढे सांगितले आणि माझी तक्रार माझ्या नावपत्त्यासह पुढे चोराकडेही रवाना केली. मला चोराचा पत्ता लागण्याआधी चोराला माझा लागला.

होस्ट अमेरिकन निघाला. तिथल्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याच्या कलम ५१२ नुसार, रीतसर सूचना मिळताच मजकूर तत्परतेने हटवणाऱ्या होस्टवर ग्राहकाच्या चोरीबद्दल भरपाईचा बोजा येत नाही. सारी मेख त्या ‘रीतसर’मध्ये आहे. ‘अहो, ही सरळसरळ चोरी आहे’ ही माझी पहिली सूचना रीतसर नव्हती. मूळ कृती कोणती, उल्लंघन करणारे पान नेमक्या कोणत्या पत्त्यावर आहे, माझा संपर्क, माझी सही, हा वापर विनापरवाना असल्याची माझी प्रामाणिक धारणा आहे असे निवेदन आणि, सर्वांत शेवटी, मीच हक्कधारक असल्याचे खोट्या साक्षीच्या शिक्षेची तयारी ठेवून केलेले कथन, एवढे सगळे हवे होते. लेख चोरताना त्या गृहस्थाला एकही शपथ घ्यावी लागली नव्हती. सही म्हणून नाव टंकले तरी चालते, पण तुरुंग डोळ्यांपुढे आल्यामुळे तेवढे टंकतानाही माझा हात थरथरत होता, आणि त्याच थरथरीत मी मूळ लेखाचा आणि चोरीच्या पानाचा अशा दोन्ही पत्त्यांच्या रकान्यांची अदलाबदल केली.

माझेही संकेतस्थळ त्याच कंपनीच्या सर्व्हरवर आहे, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. कंपनीने खरोखरच तत्परता दाखवून माझा लेख हटवला होता. तिला तरी दोष कसा द्यावा? दोन प्रतींपैकी शुद्धलेखन चोराच्याच प्रतीचे चांगले होते.

सोबतच्या मेलमध्ये मला दोन मार्ग सुचवले होते. तक्रारदाराला भेटून सामोपचाराने तक्रार मागे घ्यायला लावावी, हा पहिला. खाली तक्रारदार म्हणून माझेच नाव होते. दुसरा मार्ग प्रतिसूचनेचा, म्हणजे हटवण्याला रीतसर हरकत घेण्याचा. ती मिळाल्यावर तक्रारदाराने दावा दाखल केल्याचे कळवले नाही, तर १० ते १४ कामकाजी दिवसांत मजकूर परत येतो. पहिल्या मार्गात तक्रारदाराला आपली चूक लेखी कबूल करावी लागणार होती, आणि त्याचा मानी स्वभाव मी ओळखून आहे. त्याचा आळसही माझ्या चांगल्या परिचयाचा असल्याने तो कोर्टाची पायरी चढेल ही भीती नव्हती. म्हणून मी प्रतिसूचनेचा अर्ज उघडला. मजकूर चुकीने हटवला गेला आहे, असे त्यातही शपथेवरच लिहायचे होते. ती शपथ मात्र मी बेधडक घेतली, कारण चूक कोणाची हे त्यात विचारलेले नव्हते.