जन्मदाखला ज्याचा, त्याला तो मिळायलाच हवा

अमेरिकेत मूल दत्तक गेले की न्यायालयाच्या आदेशानंतर राज्याचे जन्मनोंदणी खाते त्याचा मूळ दाखला सीलबंद करते आणि नवा दाखला तयार करते. नव्या दाखल्यावर जन्मतारीख तीच राहते, पण आईवडिलांच्या रकान्यांत दत्तक घेणाऱ्यांची नावे येतात, जणू त्याच आईने त्या मुलाला जन्म दिला होता. पुढे ते मूल चाळिशीचे झाले, त्याला स्वतःची मुले झाली, तरी अनेक राज्यांत आपला पहिला दाखला मागण्याचा हक्क त्याला नाही. दत्तकविधान हा तिथे राज्यांच्या अखत्यारीतला विषय असल्यामुळे माणूस कुठल्या राज्यात जन्मला यावरच सारे ठरते. कॅन्सस आणि अलास्का यांनी सज्ञान दत्तकांसाठी हे दाखले कधी बंदच केले नाहीत, तर कॅलिफोर्नियात आजही त्यासाठी न्यायालयाचा आदेश आणावा लागतो. मला हा उघड अन्याय वाटतो.

ही गुप्तता मुळात दत्तक मुलापासून काही लपवण्यासाठी आली नव्हती. 1917 मध्ये मिनेसोटाने दत्तक प्रकरणांची कागदपत्रे लोकांसाठी बंद केली, ती अनौरस म्हणून मुलाला कोणी हिणवू नये, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कचेरीत जाऊन चौकशा करू नयेत म्हणून. त्या प्रकरणाशी थेट संबंध असलेल्यांना ती पाहता येत होती. पुढच्या काही दशकांत एकेका राज्याने हे दार खुद्द दत्तक व्यक्तीवरही बंद केले. गुप्तता कोणाच्या सोयीची ठरते, हे टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात दिसले. तिथे दत्तक संस्था चालवणाऱ्या जॉर्जिया टॅन हिने 1950 मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत कित्येक गरीब आयांची मुले फसवून, पळवून नेऊन श्रीमंत घरांत दिली आणि बंद कागदपत्रांनी तिचे व्यवहार झाकून ठेवले.

दाखले खुले करण्याला विरोध करणारे एकच मुद्दा पुन्हा पुन्हा मांडतात: मूल देताना आईला गुप्ततेचे वचन दिले होते, ते मोडता येणार नाही. त्या आयांची काळजी मलाही आहे, म्हणूनच हा मुद्दा नीट तपासायला हवा. आई मूल सोडून देण्याच्या कागदावर सही करते तेव्हा दाखला सीलबंद होत नाही. तो होतो दत्तकविधान मंजूर झाल्यावर. ज्या मुलाला कोणीच दत्तक घेतले नाही, त्याचा दाखला आईच्या नावासकट तसाच खुला राहतो. वचन आईला दिलेले असते, तर ते मुलाला घर मिळते की नाही यावर अवलंबून कसे राहिले असते? बाल्टिमोर विद्यापीठातील कायद्याच्या प्राध्यापक एलिझाबेथ सॅम्युएल्स यांनी त्या काळचे असे कागद गोळा करून तपासले, आणि त्यांत गुप्ततेचे वचन त्यांना सापडले नाही.

1998 मध्ये ओरेगॉनच्या मतदारांनी 58 क्रमांकाचा प्रस्ताव मंजूर करून 21 वर्षांवरील दत्तकांना मूळ दाखल्याचा हक्क दिला. काही जन्मदात्या आया न्यायालयात गेल्या आणि हरल्या, आणि 2000 मध्ये कायदा लागू झाला. तिथे आईसाठी एक साधा अर्ज आहे. संपर्क चालेल, मध्यस्थामार्फत चालेल, किंवा सध्या नको, यांपैकी एका चौकटीत तिने खूण करायची. अर्ज दाखल्यासोबत जातो. दाखला मात्र कोणी अडवू शकत नाही. भेटायचे की नाही हे आईने ठरवावे आणि कागद मुलाला मिळावा, इतकी स्वच्छ वाटणी मला दुसऱ्या कुठल्याही तोडग्यात दिसत नाही.

त्यानंतर न्यू हॅम्पशायर, मेन, 2020 पासून न्यूयॉर्क आणि 2024 पासून मिनेसोटाही याच वाटेने आले. पण काही राज्यांनी अर्धाच न्याय दिला. इलिनॉयमध्ये जन्मदाते आपले नाव दाखल्यावरून वगळायला सांगू शकतात. म्हणजे वर्षानुवर्षे वाट पाहून आलेल्या कागदावर नेमकी आईच्या नावाची जागा कोरी. ओहायोने 1964 ते 1996 या काळातल्या दत्तकविधानांचे दाखले 2015 मध्ये खुले केले, तेव्हा सुमारे चार लाख लोकांचा प्रश्न होता. नाव काढून घेण्यासाठी जन्मदात्यांना आधी वर्षभराची मुदत दिली होती, आणि फारच थोड्यांनी ती वापरली. टेक्सासचा नियम तर वाचून चीड येते: दाखल्यावर कोणाची नावे आहेत हे तुम्हाला आधीच माहीत असेल, तरच न्यायालयात न जाता प्रत मिळते. ज्याला ठाऊक नाही, त्यालाच ती नाकारायची!

आणि आता गुप्तता उरली आहे कुठे? डीएनए चाचणीसाठी लाळेचा नमुना पाठवला की काही आठवड्यांत चुलत-मावस भावंडांची यादी हाती येते. मग आईचा शोध घेताना तिच्या भाच्या-पुतण्यांना विचारावे लागते, आणि जे आईला एकटीला कळले असते ते साऱ्या गोतावळ्यात पोहोचते. बंद दाखला तिची अब्रू राखत नाही, उलट तिच्यापर्यंत थेट जाण्याचा शांत मार्ग तेवढा तोडतो.

महाराष्ट्रातल्या संस्थांमधून परदेशी दत्तक गेलेली कितीतरी मुले आज मोठी होऊन आपली मुळे शोधत इथे येतात. आपल्याकडच्या दत्तक नियमांत 18 वर्षांनंतर शोधाची परवानगी आहे, पण जन्मदात्यांनी गुप्तता मागितली असेल तर त्यांची संमती लागते. आपलीही गाठ तिथेच अडते, म्हणून ओरेगॉनच्या त्या अर्जाचा विचार इथेही व्हायला हवा. अमेरिकेतल्या ज्या मराठी घरांत दत्तक मुले आहेत, त्यांनी मूल ज्या राज्यात जन्मले तिथला कायदा आजच पाहून घ्यावा, आणि तिथे दाखले बंद असतील तर तिथल्या आमदाराला दोन ओळी जरूर लिहाव्यात. दत्तक आईवडिलांनीच हा हक्क मागितला, तर तो मुलांचा कृतघ्नपणा आहे असे म्हणायला कोणाला जागा राहत नाही.