यजमान, आरतीला उभे राहा

श्रावणात घरी सत्यनारायण होता. सोवळं नेसून दोन तास पाटावर बसलो. कथा संपली, गुरुजी म्हणाले, "यजमान, आरतीला उभे राहा." टाळ सुरू झाले, घंटा सुरू झाली, आणि यजमान काही उभे राहीनात. आधी उजवा हात जमिनीला, मग गुडघा, मग चौरंग धरायला गेलो तर केळीचा खांब डुगडुगला. शेवटी पुतण्याने काखेत हात घालून उभं केलं. "मुंग्या आल्या रे पायाला," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो. मुंग्याबिंग्या काही नव्हत्या. मांड्यांत ताकदच नव्हती.

माझं वय 57. चार वर्षं रोज दहा हजार पावलं चालतोय, एक दिवस खाडा नाही. साखर, बीपी, सगळं जागेवर. म्हणून जास्त लागलं.

हा दहा हजारांचा आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' अशा अर्थाचं होतं. चालणं उत्तमच, हृदयासाठी तर हवंच. पण स्नायू तिशी-चाळिशीपासून हळूहळू झिजत जातात आणि साठीनंतर ही झीज वाढते. ती नुसत्या चालण्याने थांबत नाही, स्नायूंवर भार पडावा लागतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं व्यायाम सांगते, ते सगळ्यांना पाठ आहे. त्याच शिफारशीत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करा, असंही आहे. ते व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी पाठवत नाही.

ब्राझीलचे डॉ. क्लाउडिओ गिल अराउजो यांची एक चाचणी आहे. जमिनीवर बसायचं आणि उठायचं. बसायचे पाच गुण, उठायचे पाच. हात किंवा गुडघा टेकला की एक गुण गेला, तोल गेला की अर्धा. 51 ते 80 वयाच्या 2002 लोकांची ही चाचणी घेऊन पुढे काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. कमी गुणवाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. (उठाबशा काढल्या की आयुष्य वाढतं, असा याचा अर्थ नाही. उठता न येणं ही खूण आहे.) सत्यनारायणाच्या रात्री दार लावून मी ही चाचणी दिली. दहापैकी पाच.

दुसऱ्या दिवशी आईकडे नीट पाहिलं. वय 83. विळी घेऊन खाली बसते, भाजी चिरते, एक हात टेकते आणि उठते. आमच्या घरातून जमीनच गेली आहे. ओटा उभ्याचा, जेवण टेबलावर, संडास कमोडचा, टीव्ही सोफ्यावरून. दिवसभरात मी एकदाही खाली बसत नाही. आता लगेच 'जुनं ते सोनं' म्हणू नका. माझे आजोबा जन्मभर मांडी घालून जेवले आणि बिड्या ओढून 61 व्या वर्षी गेले. आणि गुडघे खरोखरच गेलेत किंवा बदललेत, त्यांनी खाली बसायचा हट्ट धरू नये.

खाण्याचंही तेच. आमचा नाष्टा म्हणजे पोहे, उपमा, उपास असेल तर साबुदाणा. पोट भरतं, प्रथिनं नावाला. आपल्याकडची शिफारस वजनाच्या किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅमची, आणि म्हातारपणी एक ग्रॅमच्या वर जावं असं बरेच तज्ज्ञ म्हणतात. माझं वजन 68 किलो. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम असतात, आता करा हिशोब. किडनीचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे वाढवू नये. मी सकाळी दोन अंडी आणि रोज एका वेळेला मटकीची किंवा चवळीची उसळ सुरू केली. सोसायटीतले एक गृहस्थ सुरकुत्यांसाठी कोलॅजेनचा डबा गळ्यात मारत होते. ते पोटात गेल्यावर इतर प्रथिनांसारखंच पचतं. सुरकुत्या राहू देत, मला आरतीला उभं राहायचंय.

आता उशीर झाला असं वाटणाऱ्यांसाठी 1990 ची एक गोष्ट. बोस्टनच्या एका वृद्धसेवा केंद्रातल्या, नव्वदीला टेकलेल्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. नऊ जणांनी ते पूर्ण केलं, आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदीत!

माझं सध्या असं चालू आहे: हात न लावता खुर्चीवरून दहा वेळा उठणं-बसणं, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. पहिल्या आठवड्यात जिना उतरताना आई आठवली. आता दोन लिटरच्या भरलेल्या बाटल्या हातात घेऊन करतो. शेवटी दोनदा जमिनीवर बसून उठायचं. मार्गशीर्षापर्यंत पाचाचे सात झाले.

आई हे रोज बघते. परवा म्हणाली, "अरे, खाली बसतोच आहेस तर लसूण तरी सोल."