खुलासा : आयातशुल्क राजदूताच्या हातात नसतं

‘अमेरिकेच्या राजदूतांनी मनावर घेतलं की शुल्क उतरेल, संरक्षण करारही त्यांच्याच सहीने होतात,’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर आधी २५ आणि मग आणखी २५ टक्के शुल्क लागलं, ते अध्यक्षांच्या आदेशाने. दहा वर्षांच्या संरक्षण आराखड्यावर ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी क्वालालंपूरमध्ये सह्या केल्या त्या दोन्ही देशांच्या संरक्षणमंत्र्यांनी, राजनाथ सिंह आणि पीट हेगसेथ यांनी. राजदूत दिल्लीतली हवा वॉशिंग्टनला कळवतो, अडलेली बोलणी पुढे सरकवतो. काम मोठंच आहे, पण दर ठरवायचा अधिकार त्यात नाही. मुंबईच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात अमेरिकेसाठी दागिने घडवणाऱ्या कारागिरांपर्यंत कृपया असली खोटी आशा पोहोचवू नका.