हरिपाठाचं पुस्तक छापण्याआधी दुसऱ्या पुस्तकाशी ताडून पाहा
देवळातून आल्यापासून डोकं तापलंय. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

गावात सप्ताह बसलाय. एकाने वडिलांच्या पुण्यतिथीनिमित्त हरिपाठाची नवी कोरी पुस्तकं वाटली. मागच्या पानावर वडिलांचा रंगीत फोटो, फेट्याची घडी न् घडी दिसते. आणि आत, पहिल्याच अभंगात, ‘साधियेल्या’च्या जागी ‘साधिल्या’! ‘देवाचिये द्वारी’ राजेहो, दुसरातिसरा कोणता अभंग नाही! शेवटच्या चरणाला चार अक्षरं लागतात, तीनच उरली. आम्ही म्हाताऱ्या पाठ म्हणून निभावलो, पण पुस्तकात बघून म्हणणाऱ्या पोरींचा शब्द टाळाच्या आधीच संपला.

पुढे तर गोंधळच. आमच्या रांगेत जुनी पुस्तकं, समोरच्या रांगेत नवी. दुसऱ्या अभंगाला आम्ही ‘साही शास्त्रीं कारण’, समोरून ‘षट्शास्त्रीं कारण’. आमच्या पुस्तकात अभंग २७, त्यांच्यात २८. आमचा हरिपाठ संपला, त्यांचा चालूच.

मला मामाजी आठवले. माझे सासरे, शाळा सातवीपर्यंत, गळ्यात वीणा. कापसाचं काम उरकलं की ओसरीवर हरिपाठाची चार-पाच पुस्तकं उघडी मांडून बसायचे आणि एकेका ओळीवर बोट ठेवून सगळ्यांत काय छापलंय ते पाहायचे. छापणाऱ्याची चूक दिसली की पेन्सिलीने काट. पण ‘साही’ आणि ‘षट्’सारखं काही आलं, म्हणजे दोन्ही पाठ जुने, दोन्ही म्हणणारे लोक आहेत, तर काट नाही. बाजूला बारीक अक्षरात दुसरा पाठ लिहायचा. मी नवी सून, विचारलं, यातलं खरं कोणतं? म्हणाले, “थे मले कायले इचारतं? आपल्या मंडळात कोनतं म्हनाचं थे ठरवा. अन् दुसरं खोडू नका.”

आज हे बोलून दाखवलं तर एक जण म्हणतो, ताई, देव भावाचा भुकेला, अक्षर कोण मोजतं. बरं, भावाचा भुकेला, मान्य. मग एकनाथ महाराज वेडे होते का? शके १५०६, म्हणजे १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या पाहून शुद्ध प्रत केली. पुढे कोणी त्यात आपली ओवी घुसडली तर ती अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवल्यासारखी, असं स्वतः लिहून ठेवलं. नाथांपेक्षा आपला भाव मोठा झाला का?

तुकोबांच्या गाथेचंही तेच. मुंबई सरकारने २४ हजार रुपये दिले, विष्णुशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूरच्या वह्या मिळवून एकमेकींशी ताडल्या, तेव्हा १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत गाथा निघाली. तेव्हा ना झेरॉक्सची सोय, ना मोबाइल. आणि आज आपण कुठून तरी आलेली फाइल प्रेसवाल्याला पाठवतो, तो डोळे मिटून छापतो, आणि हजार प्रती गावोगाव जातात!

ज्याने पुस्तकं वाटली त्याच्यावर माझा राग नाही. बापाच्या आठवणीत पोराने जेवणावळ न घालता पुस्तक वाटलं, याचं मला कौतुकच आहे. उद्या त्याला भेटून हेच सांगणार आहे. पण ज्यांनी छापलं त्यांना मी सोडणार नाही. दिवसभर कापूस वेचून, बोटं चिरलेल्या बाया रात्री देवळात येतात. त्यांच्या घरात दुसरं पुस्तक नाही. हातात जे पडेल तीच त्यांच्यासाठी माउली. त्या चुकीचंच पाठ करतील, पोरींना तेच शिकवतील. बाईचं पाठांतर इतकं स्वस्त आहे का?

मामाजींना एकदा कोणीतरी म्हणालं होतं, बुवा, एवढ्या काटाकाटीने काय साधतं? ते काहीच बोलले नाहीत. त्याच्या हातातलं पुस्तक मागून घेतलं, आपल्या पुस्तकावरून त्यात सगळ्या दुरुस्त्या उतरवल्या आणि परत दिलं.

तर आता ऐका. सप्ताह उठला की येत्या एकादशीला दुपारी देवळात बसायचं. घरात हरिपाठाचं जे जुनं पुस्तक असेल ते आणा, पानं सुटली असली तरी आणा. एक जण वाचेल, बाकीच्यांनी आपापल्या पुस्तकात ओळ पाहायची. छापचूक सगळ्यांच्या पुस्तकात दुरुस्त करायची, पाठभेद बाजूला लिहायचा, आणि ‘साही’ की ‘षट्’ ते मंडळाने तिथेच ठरवायचं. २७ की २८ तेही. पुढे कोणाला पुस्तकं वाटायची असतील तर छापायच्या आधी कच्ची प्रत मंडळाकडे द्या, पैसे घेणार नाही.

आणि ज्या आजीबाईंना वाचता येत नाही, त्यांनी तर आधी या. तुम्ही म्हणा, आम्ही तुमचा पाठ लिहून घेऊ.