स्विंग बेड म्हणजे "खाटा भरायचा धंदा"? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुम्ही चिडून लिहिलंय पण मुद्द्याचं लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर. तुमचं म्हणणं असं की अमेरिकेतल्या ग्रामीण हॉस्पिटलांचे स्विंग बेड (म्हणजे उपचार झाले त्याच खाटेवर पुढे बरं होईपर्यंत ठेवायची सोय) हा नुसता रिकाम्या खाटा भरायचा धंदा आहे, तोच पेशंट नर्सिंग होममध्ये (तिथे म्हणजे हॉस्पिटल नव्हे, आजारपणानंतरच्या देखभालीचं केंद्र) कितीतरी स्वस्तात बरा होतो, आणि मी लेखात ते सोयीस्करपणे गाळलं. गाळलं, कबूल. तिथल्या आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलनेच 2015 मध्ये हिशेब मांडला होता की स्विंगला नर्सिंग होमच्या रेटने पैसे दिले असते तर 2005 ते 2010 मध्ये मेडिकेअरचे (मुख्यतः म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे) 4.1 अब्ज डॉलर वाचू शकले असते, कारण 25 खाटांपर्यंतच्या या छोट्या ग्रामीण, म्हणजे "क्रिटिकल ॲक्सेस" हॉस्पिटलांना ठरलेल्या रेटने नाही तर झालेल्या खर्चावर पैसे मिळतात.

पण त्याच रिपोर्टात "जवळची दुसरी सोय" म्हणजे 35 मैलांच्या आतली! न्यूमोनियातून उठलेल्या आजोबांची बायको रोज 70 मैल जा-ये करणार का हो, तेही अंधारात?

आणि स्विंग म्हणजे खाट हलतच नाही. डॉक्टर कागदावर ॲक्यूटमधून (तातडीच्या उपचारांतून) डिस्चार्ज लिहितात, लगेच स्विंगची ॲडमिशन, खाट तीच, सलाईनचा स्टँड तोच आणि नर्स पण तीच, जिला माहितीये की आजोबांना साधं पाणी पिताना ठसका लागतो, घट्ट करूनच द्यायचं. दुसरीकडे हलवलं की नेमकं हेच फाईलमध्ये कुठेतरी चौथ्या पानावर जातं.

"कितीही दिवस ठेवून घेतात" हे तुमचं मात्र चूक. रोज शिरेतून अँटिबायोटिक, जखमेचं ड्रेसिंग, चालायची थेरपी असं काहीतरी कुशल काम लागतं, नुसतं आंघोळ-जेवण चालत नाही. पहिले 20 दिवस पूर्ण कव्हर, 21 ते 100 रोजचा हिस्सा पेशंटचा, पुढे काही नाही.

मला विचाराल तर राग काढायचा तर 3 दिवसांच्या नियमावर काढा. पारंपरिक मेडिकेअरमध्ये (खाजगी कंपनीमार्फत नाही, थेट सरकारकडून मिळणाऱ्या) स्विंगचा खर्च मिळायला आधी सलग 3 दिवस इनपेशंट, म्हणजे रीतसर ॲडमिट, असावं लागतं, आणि ऑब्झर्व्हेशनमधल्या (ॲडमिट न करता नुसतं देखरेखीखाली ठेवलेल्या) रात्री मोजतच नाहीत, मग माणूस त्याच खाटेवर का झोपलेला असेना! घरच्यांना हे कळतं कधी, तर निघायच्या दिवशी.

रेट कमी करायचा म्हणता, करा, पण स्विंगचा पेशंट असो नसो, इमर्जन्सीसाठी रात्रीची नर्स ठेवावीच लागते, तिचा पगार कुठून येणार तेही त्याच हिशेबात धरा. तो 4.1 अब्जांचा आकडा आज लेखात टाकतोय.